पडद्यापलीकडचा आलेख

पितांबर मास्तरांना शिकवताना एक खोड होती. फळ्यावर आलेख काढताना ते उजवीकडे, डावीकडे, वर, खाली असले शब्द कधी वापरीत नसत. खडू धरलेला हात फिरवायचा आणि म्हणायचे, "इकडे अधिक, तिकडे उणे." मुले त्यांची नक्कल करीत. मधल्या सुट्टीत डबा उघडला की एखादा म्हणे, "भाकर इकडे अधिक, भाजी तिकडे उणे," आणि बाकीचे हसत. मास्तरांच्या कानावर ते येई. ते मान खाली घालून पुढे जात. इकडे म्हणजे कुठे आणि तिकडे म्हणजे कुठे हे फळ्यावर सगळ्यांनाच दिसत असल्यामुळे वीस वर्षांत त्या खोडीने कोणाचे काही बिघडले नव्हते.

मास्तर मूळचे पिंपळनेरकडचे. साक्रीला बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांच्या मागून चालत त्यांनी शाळा केली, धुळ्यात मॅट्रिक झाले आणि धुळ्यातच हायस्कुलात चिकटले. स्वभाव भिडस्त. शिक्षकांच्या खोलीत ते भिंतीकडच्या खुर्चीवर बसत आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नसत. पण भूमितीचा तास सुरू झाला की माणूस निराळा होई. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, या चार पायऱ्यांवर त्यांचा पाय कधी घसरला नाही. फेब्रुवारीत मॅट्रिकच्या वर्गाची उजळणी घ्यायची ती त्यांनीच, असे शाळेत ठरून गेले होते.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर दलिचंद शेठजींनी त्यांना बोलावणे पाठवले. शेठजींचे कापसाचे दुकान चौथ्या गल्लीत, वर राहते घर. त्यांचा एकुलता मुलगा निर्मलकुमार त्याच वर्षी उन्हाळ्यात सोनगीरच्या पुढे मोटार उलटून गेला होता. मागे त्याची बायको भंवरीबाई राहिली. वय एकोणीस. माहेर जळगावचे, लग्नाआधी नववीपर्यंत शिकलेली. निर्मलकुमारने तिला मॅट्रिक करायचे मनावर घेतले होते आणि घरी बसवून तिच्याकडून अभ्यासही करून घेत होता. तो गेला आणि पुस्तके कपाटात गेली.

शेठजींनी मास्तरांना गादीवर बसवले आणि आडवळण न घेता सांगितले. त्यांच्या समाजाची कन्याशाळा जूनपासून वाढणार होती. तिथे मॅट्रिक झालेली, घरंदाज बाई हवी होती. पंचांनी शेठजींच्या शब्दाखातर सुनेसाठी जागा धरून ठेवली होती, पण फक्त जूनपर्यंत. मार्चमध्ये पास झाली तर रोज सकाळी शाळेत जाईल, मुलींना शिकवील, चार माणसांत वावरेल. नाही झाली तर मारवाडातल्या गावी शेठजींची म्हातारी आत्या अंथरुणाला खिळून होती, तिची सेवा करायला तिला पाठवायचे, हे बायकांनी केव्हाच ठरवून टाकले होते. तिकडे एकदा गेलेली विधवा परत येत नसे, हे शेठजी बोलले नाहीत, पण मास्तरांना समजले.

"बाकीचे विषय ती आपले आपण करते," शेठजी म्हणाले. "गणित तेवढं तुमच्या हातात. पण आमच्या घरची रीत तुम्हाला सांभाळावी लागेल."

रीत अशी होती की सुनेने परक्या पुरुषासमोर यायचे नाही आणि त्याच्याशी बोलायचेही नाही. मधल्या दारात जाड तांबडा पडदा लावला होता. मास्तर अलीकडे बसत, ती पलीकडे. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, तेवढ्या फटीतून पाटी जा-ये करी. बाजूला चौकटीशी सासू, सायरबाई, धान्य निवडीत बसे, कारण दोघांना एकटे सोडायचे नव्हते. मास्तरांचे म्हणणे समजले तर भंवरीबाईने पाटीवर पेन्सिल एकदा वाजवायची, नाही समजले तर दोनदा.

पहिले दोन दिवस मास्तरांना घाम फुटला. समोर तोंड नाही, डोळे नाहीत, नुसते कापड. त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. अबक त्रिकोण घ्या. बक पाया. अ पासून पायावर लंब टाका, तो ड मध्ये मिळू द्या. पलीकडे पेन्सिल फिरल्याचा आवाज येई आणि मग पाटी फटीतून सरके. आकृती पाहून मास्तर चकित झाले. लंब अगदी लंब होता. वर्गातली मुले फळ्यावर पाहून जी आकृती वाकडी काढीत, ती या मुलीने नुसत्या शब्दांवरून सरळ काढली होती.

पाटी तिच्या बाजूने सरके तशीच मास्तरांपुढे येई, म्हणजे अक्षरे उलटी. त्याचे मास्तरांना काही वाटत नसे. वीस वर्षे बाकांच्या समोर उभे राहून त्यांनी मुलांच्या वह्या उलट्याच वाचल्या होत्या. ते तिथल्या तिथे खूण करीत आणि पाटी तशीच मागे ढकलीत.

सायरबाई एकदा हसून म्हणाली, "मास्टरसाब, तुम्ही दोघं आमनेसामने असे बसता, जसे चौपड खेळायला बसले."

जानेवारीत आलेख आला. निर्मलकुमारच्या पुस्तकाची शेवटची पाने वाळवीने खाल्ली होती आणि नेमका आलेखाचा धडा त्यात गेला होता. शाळेतली प्रत आणून देतो, असे मास्तर म्हणाले. ती एका शिक्षकाकडे अडकली होती. दोनदा मागून मास्तरांनी तिसऱ्यांदा मागायचे टाळले. त्यांना वाटले, आपल्याला तोंडपाठ आहे, पुस्तक कशाला? त्यांनी घरून एक जुना पाट आणला, काळा रंगवला, त्यावर पांढऱ्या रेघांची चौकट आखली आणि मधल्या दोन रेघा जाड केल्या. आकडे घातले नाहीत. बिंदू दाखवायला चिंचोके घेतले. पाट पडद्याखाली अर्धा सरकवून ते आपल्या बाजूने हात घालीत आणि बोटाने दाखवीत.

"हा आरंभबिंदू. इकडे अधिक, तिकडे उणे. हा क्ष अक्ष. आता य चा पाहा. इकडे अधिक, तिकडे उणे. समजलं?"

पलीकडे पेन्सिल एकदा वाजली.

त्यानंतर आलेखात तिची चूक म्हणून झाली नाही. मास्तर समीकरण सांगत, ती पाटीवर दोन अक्ष काढी, बिंदू मांडी, रेषा जोडी, छेदबिंदूपाशी उत्तर लिही आणि पाटी सरकवी. रेषा जिथे असायला हवी तिथेच असे. मास्तर घरी बायकोला सांगत, की शाळेतल्या चाळीस मुलांत अशी बुद्धी नाही. धुरपदाबाई आपल्या अहिराणीत म्हणे, बरं झालं, त्या पोरीले सुटका मिळी.

मार्चमध्ये परीक्षा सोमवारी सुरू होणार होती आणि गणित मंगळवारी होते. शनिवारी शेवटची शिकवणी झाली. मास्तरांनी शाळेतून आलेखाचा एक खरा कागद मिळवला होता. परीक्षेत मिळतो तसा, बारीक चौकटींचा. दोन समीकरणे देऊन त्यांनी तिला तो शाईने सोडवायला सांगितला. उत्तर येईतो बाहेर दिवे लागायची वेळ झाली, म्हणून कागदाची घडी खिशात घालून ते घरी आले.

रविवारी सकाळी ओट्यावर उन्हात बसून त्यांनी कागद उघडला. अक्षरे नीट समोर धरली. कागदाचा वरचा उजवा भाग कोरा होता. दोन्ही रेषा खाली डावीकडे एकमेकींना छेदत होत्या. क्ष अक्षावर एक, दोन, तीन हे आकडे आरंभबिंदूपासून डावीकडे चालले होते आणि य अक्षावरचे खाली. उजवीकडे आणि वर सगळीकडे उण्याची चिन्हे. छेदबिंदूपाशी सुबक अक्षरात लिहिले होते, क्ष बरोबर तीन, य बरोबर दोन. उत्तर बरोबर होते.

मास्तरांना आधी वाटले, पोरीला झोप आली असेल. मग त्यांनी कागद फिरवून उलटा धरला. आलेख झटकन सरळ झाला आणि अक्षरे उलटी झाली. जानेवारीपासून त्यांनी तिच्या पाट्या अशाच पाहिल्या होत्या.

समोरासमोर बसून ते बोटाने दाखवीत होते ते 'इकडे' तिच्या डाव्या हाताला होते. त्यांचे 'वर' तिच्या पायांकडे होते. तिने जसे पाहिले तसेच, एक रेघही न चुकता, उचलले होते. पुस्तक असते तर पहिल्याच चित्रात कळले असते.

धुरपदाबाई भाकरी टाकीत होती. त्यांचा चेहरा पाहून ती बाहेर आली. मास्तरांनी तिला सगळे सांगितले, आलेख तिला कळत नव्हता तरी. तिला कळायचे तेवढे कळले.

"मंग जाई सांगी टाका," ती म्हणाली. "चूक व्हयनी तं व्हयनी. तिले आज समजनं तं ती आजच सुधारी लेई. लाज वाटस का तुम्हले?"

लाजच वाटत होती. तरी जेवून मास्तर चौथ्या गल्लीत गेले. दुकानात शेठजींभोवती समाजाचे तीन-चार पंच बसले होते. विषय कन्याशाळेचाच होता. शेठजींनी मास्तरांना पाहताच सगळ्यांना सांगितले, हेच ते, यांच्यामुळे आमची सून गणितात पक्की झाली. पंचांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने उठून जागा दिली. मास्तर बसले. त्यांच्या खिशात तो कागद होता. आता बोलावे, मग बोलावे, असे करता करता चहा आला, पंच उठले, आणि शेठजी त्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. वरून सायरबाईने पाहिले आणि सांगितले, की आज पडदा काढून धुवायला टाकला आहे, बहू पूजेत आहे, काही निरोप आहे का?

"काही नाही," मास्तर म्हणाले. "धीर धरा म्हणावं."

परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. उत्तर तर बरोबर येते. आकडे आणि रेषा एकमेकांशी जुळतात. तपासणारा शहाणा असेल तर कागद फिरवून पाहील, एखादा गुण कापील. आणि आलेख आठच गुणांचा. बाकीचे तिला येते. आता ऐन वेळी सांगितले तर मुलगी घाबरून येते तेही विसरेल. अशी एकेक वीट रचत ते घरी आले. बायकोने विचारले तेव्हा शेठजी भेटले नाहीत, असे त्यांनी सांगितले. लग्नानंतर ते तिच्याशी खोटे बोलले ती हीच पहिली वेळ असावी.

सोमवारी संध्याकाळी ते पुन्हा निघाले. चौथ्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले.

मंगळवारी पहाटेच जाग आली तेव्हा मात्र त्यांनी ठरवले. केंद्र त्यांच्याच शाळेत होते. फाटकाशी थांबायचे, सायरबाईबरोबर ती येईल तेव्हा चार शब्दांत सांगायचे, की रेषा काढून झाल्या की कागद उलटा फिरवा आणि मग आकडे घाला. एवढेच पुरे होते. पण फाटकात मुख्याध्यापकांनी गाठले. एक पर्यवेक्षक आजारी पडला होता, त्याच्या खोलीवर मास्तरांना जायचे होते. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला. वऱ्हांड्यातून जाताना त्यांना ती दिसली. तपकिरी ओढणी कपाळाखाली ओढलेली, सायरबाईच्या मागे, भिंतीच्या कडेने. पर्यवेक्षकाने परीक्षार्थीशी बोलणे म्हणजे तिची परीक्षा रद्द होण्याची पाळी. मास्तर दोन पावलांवरून गेले आणि काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षे ते स्वतःला विचारीत, गठ्ठा हातात नसता तर आपण बोललो असतो का?

जूनमध्ये निकाल लागला. वर्तमानपत्रात तिचा क्रमांक नव्हता. गुणपत्रिका आली ती मास्तरांनी शाळेतच पाहिली. मराठीत चांगले, इतिहासात चांगले, हिंदीत फारच चांगले. गणितात एकोणतीस. पस्तीस लागत होते.

त्या दिवशी मास्तर सरळ दुकानात गेले. गिऱ्हाईक होते तरी थांबले नाहीत. मार्चपासून खिशात ठेवलेला तो कागद त्यांनी शेठजींपुढे पसरला, सरळ दाखवला, उलटा दाखवला, आणि चूक आपली आहे, आपल्याला दोन दिवस आधी समजली होती आणि आपण सांगितली नाही, असे सगळे बोलून गेले. शेठजींनी कागद एकदा स्वतः फिरवून पाहिला आणि घडी घालून परत दिला. ते रागावले असते तर मास्तरांना बरे वाटले असते.

"मास्तर," ते म्हणाले, "चूक तुमची असो की तिची, नापास ती झाली."

ऑक्टोबरला पुन्हा बसवा, मी जीव तोडून करून घेतो, असे मास्तर म्हणाले. शेठजींनी मान हलवली. जागा गेली होती. पंचांनी पाचोऱ्याकडची एक बाई कालच नक्की केली होती. आणि सून शुक्रवारी सासूबरोबर मारवाडात निघणार होती. त्यांना ते आवडत नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. पण घरातल्या बायकांपुढे त्यांनी एकदा आपला शब्द चालवला होता, आता दुसऱ्यांदा चालणार नव्हता.

"तिला मला स्वतः सांगू द्या," मास्तर म्हणाले.

पडदा पुन्हा लावला गेला. मास्तर आपल्या जागी बसले. सायरबाई चौकटीशी बसली, पण आज तिच्या हातात सूप नव्हते. मास्तरांनी कापडाकडे पाहत सगळे सांगितले. दुकानात जसे भडाभडा बोलले तसे इथे जमले नाही, मधेमधे थांबावे लागले. सांगून झाल्यावर पलीकडे पेन्सिल एकदाही वाजली नाही. मग त्या घराची रीत मोडून भंवरीबाई बोलली. आवाज बारीक होता, पण कापरा नव्हता.

"मास्तर, मला तिथंच कळलं होतं. बाजूच्या बाईचा कागद दिसला. माझा काढून झाला होता, शाईनं."

"मग दुसरा कागद मागायचा. मिळतो."

"आमच्या खोलीवरचे साहेब फिरत होते. दोनदा जवळून गेले. हाक मारायची होती." ती थांबली. "मारता आली नाही. मग पुढचं काही सुचलंच नाही. दोन सिद्धता येत होत्या, त्या तशाच राहिल्या."

सायरबाईने पदर तोंडाला लावला. सुनेला ती बोल म्हणाली नाही आणि गप्प राहा असेही म्हणाली नाही.

आठ गुणांचा हिशोब मास्तरांनी मनाशी मांडून ठेवला होता, तो पार कोलमडला. तिला कागद उलटा पडल्यामुळे नव्हे, तर परक्या माणसाला हाक मारता न आल्यामुळे उरलेला पेपर सोडावा लागला होता. आणि ते दोनदा जवळून जाणारे साहेब जसे, तसेच आपणही त्या सकाळी दोन पावलांवरून गेलो होतो.

"तिकडे परीक्षेला बसता येतं का?" पलीकडून प्रश्न आला. "मारवाडात आपल्या बोर्डाचं केंद्र असतं?"

मास्तरांना ठाऊक नव्हते. असेल, असे तोंडावर आले होते. ते त्यांनी गिळले. "मी चौकशी करतो," ते म्हणाले.

शुक्रवारी ती गेली. मास्तरांनी पुण्याला बोर्डाला पत्र लिहिले. कधी कोणाला पत्र न लिहिणाऱ्या या माणसाने त्या एका पानासाठी चार रात्री घालवल्या. आषाढ सरता सरता उत्तर आले. छापील कागदावर दोन ओळी टंकलेल्या होत्या. मुंबई राज्याबाहेर परीक्षेचे केंद्र नाही, परीक्षार्थीस राज्यातील केंद्रावर हजर राहावे लागेल.

ते पत्र त्यांनी दोन दिवस पेटीत ठेवले. धुरपदाबाई येता-जाता पेटीकडे पाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पत्र घेऊन चौथ्या गल्लीत गेले आणि शेठजींच्या हातात दिले.

शेठजींनी वाचले. चष्मा काढून पुसला. "हे कळवायचं तिला?" त्यांनी विचारले. "न कळवलं तर वाट तरी पाहील. तेवढाच आधार."

"कळवा," मास्तर म्हणाले. "मी एकदा गप्प बसलो, तेवढं पुरे झालं."

शेठजींनी बैठकीखालून कागद काढला, दौत पुढे ओढली आणि मारवाडीत, महाजनी अक्षरांत लिहायला लागले. दुकानात कापसाचे गठ्ठे उतरवणाऱ्या हमालांची ये-जा चालू होती. मास्तरांना ती लिपी वाचता येत नव्हती. तरी ते खाली बसले नाहीत आणि निघालेही नाहीत. पत्र लिहून होईपर्यंत, त्याची घडी घालून वर पत्ता पडेपर्यंत, ते शेठजींच्या खांद्यामागे उभे राहिले. मग ते पाकीट त्यांनी स्वतः मागून घेतले आणि पोस्टाच्या पेटीत टाकून घरी गेले.

उत्तर आले नाही. येईल असे मास्तरांना वाटलेही नव्हते. त्यानंतर त्यांनी कोणाच्या घरी शिकवणी धरली नाही.